वाड्यात मर्डर मिस्टरी डिनर करायचंय? स्क्रिप्ट आणि तिकिटाच्या आधी वाड्याला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात पेठेतला जुना दुमजली वाडा, खाली सोप्यात आणि माजघरात घराण्याच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय, ते एक ट्रस्ट चालवतंय. माडीवरचं छप्पर दोन पावसाळे गळतंय. ट्रस्टमधल्या एका ताईंना तिथं मर्डर मिस्टरी डिनर, म्हणजे जेवता जेवता पाहुण्यांनी नाटकातल्या खुनाचा छडा लावायचा असा कार्यक्रम, करून दुरुस्तीला पैसे उभे करायचेत आणि त्या विचारताहेत की स्क्रिप्ट कुठं मिळेल, तिकीट किती ठेवू, शंभर माणसं बसतील का.

ताई, मी कोल्हापूर-सांगली भागातल्या छोट्या संग्रहालयांत वस्तूंची देखभाल बघतो आणि कार्यक्रमही करतो, असली डिनर आजवर पाच केलीत, त्यातली तीन जुन्या घरांत. तुमचा खरा प्रश्न स्क्रिप्टचा नाहीये. एका रात्रीत अनोळखी माणसं, गरम जेवण, वायरी आणि नाटकवाले एवढं सगळं दीडशे वर्षांच्या घरात घुसणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घर होतं तसंच राहून हातात छपरासाठी पैसे उरले पाहिजेत, हा खरा प्रश्न. त्यामुळं मी क्रम उलटा लावतो: आधी घर काय काय सोसू शकतंय ते बघायचं, मग जेवण कुठं ते ठरवायचं, मग गोष्ट लिहायची आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

आता शंभर माणसांचं. नव्या राजवाड्याचा दरबार हॉल डोळ्यासमोर ठेवून आकडा काढू नका, ती १८८४ ला पुरी झालेली दगडी इमारत, तिचा घेरच वेगळा. राहतं घर संग्रहालय होतं तेव्हा त्याच्या खोल्या माणसांच्याच मापाच्या राहतात, राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांढरेंच्या घराचं कलासंग्रहालय झालंय तिथं जाऊन उभं राहा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. तुमच्यासारख्या वाड्यात चौक आणि परसू धरून पन्नास-साठ पाहुणे, आणि त्यांच्यावर कलाकार, वाढपी, कार्यकर्ते मिळून वीसेक, एवढंच मी धरतो. अर्थात चौक केवढा, जिना किती रुंद, दारं किती यावर हे बदलतंय. परसाला मागच्या बोळात उघडणारं दार असेल तर साठ म्हणतो, देवडीतनंच आत आणि देवडीतनंच बाहेर असेल तर चाळीसच्या वर जाऊ नका.

माडीचं तर फारच जपून. लाकडी तुळयांवरची माडी, वरनं छप्पर गळतंय म्हणजे कुठंतरी तुळईचं टोक भिजलेलं असणार, आणि टोक भिंतीत असतंय म्हणून कुजलेलं दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा दाखवा आणि तो किती माणसं म्हणतोय ते लिहून घ्या. होय म्हणाला तरी एकावेळी दहा जणांची तुकडी, सोबत एक कार्यकर्ता, जिन्याच्या खाली एक मोजणारा, आणि माडीवर नाटकाचा प्रवेश करायचा नाही, कारण प्रवेश बघायला माणसं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि सगळं वजन तिथंच येतंय.

जेवण. वस्तू आहेत त्या खोल्यांत अन्नाचा कणसुद्धा जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. पाहुणे "नुसता एक पेला घेऊन जातो" म्हणतात, तिथं उंबऱ्यावर हसतमुख पण ठाम माणूस उभा पाहिजे. सांडलेल्या कणावर झुरळं येतात, त्यांच्या मागनं उंदीर, आणि मग वह्यांना आणि जरीच्या कपड्यांना कुरतड लागते ती तुम्हाला चार महिन्यांनी दिसते. म्हणून जेवणाची बैठक चौकात किंवा परसात, आणि मधल्या वेळात हात धुऊन, पुसून, रिकाम्या हातानं लोकांनी घरात पुरावे शोधायला जायचं. हात धुण्याची सोय बैठक आणि सोपा यांच्या बरोबर मध्ये ठेवली की सांगावं लागत नाही, माणसं आपोआप धुतात.

कोल्हापुरात जेवण म्हटल्यावर तांबडा-पांढरा आलाच, लोक त्यासाठीच येणार, मला मान्य आहे. पण दोन गोष्टी. तांबड्याचा कट म्हणजे तेलात विरघळलेला रंग, तो चुन्याच्या गिलाव्याला किंवा जुन्या लाकडाला लागला की निघत नाही. आणि चौकात शहाबादी फरशी असेल तर तो चुनखडीचा दगड आहे, त्याच्यावर सोलकढी, ताक, लिंबू सांडलं की आंबटानं दगड खातो आणि पांढरट चट्टा कायमचा राहतो. फरशीवर आधी जाड ताडपत्री, तिच्यावर जाजम, रस्सा वाटीतनं, पंगतीत फिरवून वाढणं नाही. स्वयंपाक वाड्यात अजिबात नको, चुलीचा वास कितीही छान वाटला तरी धुराची काजळी जुन्या फोटोंवर आणि चित्रांवर बसते, तेव्हा बाहेरनं शिजवून आणायचं आणि परसात फक्त गरम ठेवायचं. केटररकडं फूड लायसन्स आहे का ते आधी बघा.

मटण ठेवायचं तर वार बघा. शनिवार संध्याकाळ सगळ्यांना सोयीची वाटते पण आपल्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारी माणसं भरपूर, मग निम्मी ताटं शाकाहारी आणि केटररचा हिशेब फिसकटतो. रविवार बरा. आणि वाड्यात देवघर असेल, घराण्यातली वडीलधारी माणसं हयात असतील, तर मटण घरात चालेल का हे त्यांना स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. नाही म्हणाले तर पुरणपोळी आणि कटाच्या आमटीचा बेत करा, त्या पंगतीलाही लोकांनी पैसे दिलेत आणि आनंदानं जेवलेत.

आगीबद्दल मी हट्टी आहे. मिस्टरी म्हटलं की सगळ्यांना मेणबत्त्या, पणत्या, मशाली सुचतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावानं बघितलंय, शाहू महाराजांच्या काळात १९१५ ला उघडलेलं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती. ते बघितल्यावर जुन्या सागवानाच्या घरात उघडी ज्योत मी कुणालाच लावू देत नाही, देवघरातलं निरांजनसुद्धा त्या दिवशी दुपारीच करून घ्या. बॅटरीचे कंदील मिळतात, अंधारात छान दिसतात. वाड्याच्या जुन्या वायरिंगवर जादा लोड टाकायचा नाही, जनरेटर बाहेर बोळात, दिवे एलईडी. आणि दिव्यांचा झोत जरीच्या लुगड्यांवर किंवा कागदपत्रांवर मारायचा नाही. कापड आणि कागदासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको असं संग्रहालयात धरतात, नाटकाचा एक स्पॉट त्याच्या कित्येक पट असतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

आता गोष्ट, म्हणजे मला सगळ्यात आवडणारा भाग. नेटवर परदेशी किट मिळतात, ती घेऊ नका. एक तर बरीच किट घरगुती पार्टीसाठी असतात, तिकीट लावून प्रयोग करायचा तर वेगळी परवानगी लागते. दुसरं म्हणजे त्यातला बटलर, वाइनचा तळघर आणि लॉर्डसाहेब आपल्या सोप्यात उपरे वाटतात. मोठं घर, बंद दारं आणि सहा संशयित हा साचा तिकडचा, १९४९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या क्लूडो या खेळाचासुद्धा तोच. साचा घ्या, माणसं आपली घाला.

पण माणसं आपली म्हणजे त्या घराण्यातली खरी माणसं नव्हे. खऱ्या पूर्वजावर खोटा खून लावायचा नाही, कितीही जुना असला तरी. कुणाचं तरी पणजोबा असतात ते, आणि संग्रहालयात आलेला माणूस तिथं ऐकलेलं खरं मानून घरी जातो, चार वर्षांनी ती अफवा इतिहास होऊन परत येते. संस्थानाच्या राजकारणात, जातीपातीत, कुठल्या खऱ्या वादातही जायचं नाही. वाडा खरा, काळ खरा, माणसं सगळी बनवलेली, हे तिकिटावरसुद्धा छापा.

काळ कुठला घ्यावा? कोल्हापुरासाठी मला १९३१ लई आवडतं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, म्हणजे त्या दोन-चार वर्षांत मूकपट संपत होता आणि बोलपट दारात उभा होता. समजा एका काल्पनिक फिल्म कंपनीचा मालक या वाड्यात भाड्यानं राहायचा आणि एका सकाळी मेलेला सापडला. मूकपटाची नायिका, जिचा आवाज बोलपटाला चालणार नाही असं त्यानं तोंडावर सांगितलंय. थिएटरात पडद्याच्या बाजूला बसून पेटी वाजवणारा, बोलपट आला की त्याची भाकरी गेली. पडदे रंगवणारा पेंटर, ज्याचे पैसे थकलेत. सावकार. पुण्याला जायचं की नाही यावरनं भांडलेला भागीदार. घरात राहणारी आत्या, जिला सगळं ऐकू येतंय पण बोलत नाही. प्रत्येकाला कारण आहे, आणि ती कारणं या गावाच्या मातीतनं येतात, त्यामुळं प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाहीत.

आणि तुमच्या वाड्याची गळती या गोष्टीत घाला. ताई, हे मनापासून सांगतो, हे केलंत तर कार्यक्रमाचा अर्थच बदलेल. समजा एक पत्र सापडतं, त्यावरची शाई पाण्यानं फुटलीय. भागीदार म्हणतो की पत्र महिनाभर खालच्या कपाटात कुलपात होतं. मग भिजलं कुठं? दहा-दहाच्या तुकडीनं पाहुणे माडीवर जातात, पुराव्यासाठी इकडंतिकडं शोधतात, आणि कुणीतरी वर बघतं, आढ्याजवळ तपकिरी ओघळ, भिंतीवर उतरलेला डाग, खाली टेबल नेमकं त्याच जागी. पत्र इथं होतं, भागीदार खोटं बोलतोय! आम्ही एका घरात असं भिंतीतल्या ओलीवरनं केलं होतं. कोडं सुटल्याच्या आनंदात माणूस त्या ओलीकडं बघत राहतो, आणि मग स्वतःहून विचारतो की हे खरंच एवढं खराब झालंय का हो. दहा मिनिटांच्या भाषणानं हे होत नाही.

पुराव्यांबद्दल थोडं तांत्रिक. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाकडं नेणारे तीन तरी पुरावे ठेवा, कारण एक कुणालाच दिसत नाही, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावतात, तिसऱ्यावर गाडी रुळावर येते. संग्रहालयातली एकही खरी वस्तू पुरावा म्हणून वापरायची नाही, हत्यार तर नाहीच. वस्तू पुराव्यात आली की लोकांचे हात तिच्याकडं जातात, तो दोष त्यांचा नाही, खेळच तसा आहे. पुरावे सगळे छापील कागद, नव्यानं बनवलेल्या प्रती आणि लाकडी नकली वस्तू, त्यांना एकाच रंगाची दोरी बांधा आणि सुरुवातीलाच सांगा की दोरी नाही त्याला हात नाही. खोटं रक्त नको, तो रंग फरशीत मुरतो. प्रेत दाखवायचंच कशाला, खून काल रात्री झालाय असं म्हणा आणि मृताची खुर्ची पांढऱ्या चादरीनं झाका, पुरेसं होतं. लिहून झालं की ज्यांना काहीच माहीत नाही अशा आठ माणसांना बसवून पूर्ण खेळ एकदा करून बघा, आम्ही दरवेळी त्यातनं निदान दोन पुरावे बदललेत.

कलाकार शोधायला लांब जायला नको. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था आपल्याकडं आहेत, त्यांच्यातली पोरं-पोरी उत्स्फूर्त बोलायला तयार असतात, आणि इथं तेच लागतं, कारण टेबलावरचा माणूस स्क्रिप्टमध्ये नसलेलंच विचारतो. त्यांना मानधन द्या, थोडं का होईना, "ट्रस्टचं काम आहे" म्हणून फुकट राबवू नका.

एक अनुभव सांगतो. पहिल्या डिनरला आम्ही आठ वाजता एक किंकाळी ठेवली होती. पेठेतलं घर, भिंतीला भिंत, आणि शेजाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी. किंकाळी झाली आणि दोन मिनिटांत शेजारच्या तालमीतली पोरं धावत देवडीतनं आत, कुणाला काय झालं म्हणून. मला त्या पोरांचा आजही अभिमान वाटतो, पेठ अशीच असावी. पण एका आजींची छाती धडधडायला लागली, त्यांना पाणी देऊन बसवावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आसपासच्या प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन सांगतो, रंगीत तालमीला त्यांना फुकट बोलावतो, आणि किंकाळी काढूनच टाकलीय. आता पितळी घंटेचे तीन टोल देतो. आणखी एक झालं, त्याच तालमीची पोरं पुढच्या वेळी पार्किंगला उभी राहिली, आणि पेठेच्या बोळात साठ माणसांच्या गाड्या लावणं हे खुनाच्या कोड्यापेक्षा अवघड काम आहे.

परवानग्या भरभर सांगतो. तिकीट लावून नाट्यप्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडनं मंजूर करून घ्यावी लागते, हौशी संस्थेतल्या कुणाला तरी हे काम माहीत असतं, त्यांच्याकडनं करून घ्या आणि वेळ हातात ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी कळवा. स्पीकर दहाला बंद, म्हणून साडेसहाला सुरुवात करून साडेनऊला खुनी उघड झाला पाहिजे. वाडा राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभाग आणि महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर महापालिका, यांना विचारल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकू नका. ट्रस्टचा ठराव करून ठेवा. तिकिटावरच्या कराचं सीएला विचारा, जेवण आणि नाटक एकत्र असलं की ते जरा गुंतागुंतीचं होतं.

इथवरचं एकदा पटकन: माणसं पन्नास-साठ, अन्न चौकात, माडीवर दहा-दहा, ज्योत नाही, खरी वस्तू नाही, खरं घराणं नाही, आणि गळती गोष्टीत. आता पैसे.

साठ जण, तिकीट १५०० रुपये, म्हणजे ९०,००० जमा. जेवण कलाकार-कार्यकर्ते धरून ऐंशी ताटं, ४०० नं ३२,०००. सहा कलाकार, २००० प्रमाणे १२,०००. दिवे, जनरेटर, खुर्च्या, ताडपत्री १५,०००. छपाई, नकली वस्तू, कपडे ६,०००. साफसफाई ३,०००. झाले ६८,०००, हातात २२,०००. आकडे ढोबळ आहेत, तुम्ही कोटेशन घेऊन बदला, पण चित्र असंच निघतं: एका रात्रीच्या तिकिटातनं छप्पर होत नाही. तीच गोष्ट लागोपाठ दोन रविवारी केली तर लिहिण्याचा, नकली वस्तूंचा खर्च एकदाच पडतो आणि दुसऱ्या रात्री जास्त उरतं, फक्त पहिल्या रात्रीच्या लोकांकडनं खुनी कोण हे न सांगायचं वचन घ्या, कोल्हापुरात ते पाळतात असा माझा अनुभव आहे. त्याच्यावर जेवणाचा किंवा दिव्यांचा खर्च एखाद्या स्थानिक व्यापाऱ्यानं उचलला की तिकिटाचा बहुतेक पैसा छपराला जातो. म्हणून तिकिटं विकायच्या आधी दोन प्रायोजक पक्के करा.

खरा पैसा मात्र साडेनऊनंतर येतो. खुनी सापडलाय, पोट भरलंय, माणसं जायच्या मूडमध्ये नाहीत, आणि त्यांनी नुकताच माडीवरचा तो ओघळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. तेव्हा देवडीजवळ एक टेबल ठेवा, सुताराच्या अंदाजपत्रकावरनं काढलेली यादी ठेवा, एक वासा किती, शंभर मंगलोरी कौलं किती, एका तुळईचं टोक बदलायला किती. माणसाला "देणगी द्या" म्हटल्यावर शंभराची नोट सुचते, "एक वासा तुमच्या आईच्या नावानं" म्हटल्यावर तो थांबून विचार करतो. पाण्यानं घरातलं काय काय जातंय हे या गावाला २०१९ आणि २०२१ च्या पुरानं दाखवलंय, त्यामुळं भिजलेल्या वह्यांचं दुःख इथं समजावून सांगायची गरज पडत नाही. नावं संग्रहालयात लावा, आणि काम झालं की त्या सगळ्यांना नवीन छपराखाली चहाला बोलवा.

पावत्या वेगळ्या ठेवा. तिकिटाच्या बदल्यात जेवण आणि नाटक मिळालंय, ती देणगी नव्हे, त्यावर ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती फाडू नका. टेबलावर दिलेली रक्कम ती देणगी, ट्रस्टला ८०जी असेल तर तिची पावती. आणि २,००० च्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला करात वजावट मिळत नाही, तेव्हा क्यूआर कोड ठेवा आणि हे आधीच सांगा.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारी यातली. पावसाळ्यात चौकात बसता येणार नाही आणि नवरात्रात पेठेत गाडी शिरत नाही. पण पावसाळा संपल्या संपल्या माडीवरच्या ओलीचे फोटो काढून ठेवा, डिसेंबरात डाग वाळून फिके पडतात, पाहुण्यांना ओला फोटो शेजारी दाखवता येईल.

शेवटचं काम त्याच रात्रीचं आहे, सकाळवर टाकू नका. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कपाटाचे फोटो काढून नोंदवहीशी ताडून ठेवलेले असतात, पाहुणे गेले की दोघांनी मिळून तीच नोंदवही घेऊन परत सगळं मोजायचं, एक वाचणार, एक बघणार. तोवर बाकीचे ताडपत्री उचलतात, खरकटं वाड्याच्या बाहेर जातंय, फरशी कोरड्या आणि मग जेमतेम ओल्या फडक्यानं पुसली जाते. आम्हाला साधारण दीड तास लागतो, त्या लोकांचं जेवण वेगळं काढून ठेवायला सांगा, नाहीतर उपाशी राहतात.

चौकाची लांबी-रुंदी, जिन्याची रुंदी आणि परसाला दार आहे की नाही एवढं इथं टाका, टेबलं कशी लावायची आणि तुकड्या कुठनं फिरवायच्या ते मी काढून देतो.